हादऱ्याचा हिशेब

पिठाच्या गिरणीत दळणाचा डबा रांगेत लावून उभं राहिलं, की चपलेच्या तळातून एक बारीक थरथर अंगात चढू लागते. ती सगळ्यांच्या ओळखीची आहे. कानाला पट्ट्याची फटफट, नाकाला गरम पिठाचा वास आणि पायाला ही थरथर, अशी तिन्ही मिळून गिरणी होते. पण जमीन का थरथरते, गिरणीतली किती ताकद खाली पोहोचते आणि किती वरच्यावर जिरते, असले प्रश्न डबा हातात असताना कुणाला पडत नाहीत. मला पडायचे, कारण माझं पोट त्यावर होतं. तीस-बत्तीस वर्षं मी कारखान्यांतून यंत्रं बसवण्याचं काम केलं. यंत्र बनवणारे वेगळे, चालवणारे वेगळे, आम्ही मधले. ट्रकमधून उतरलेलं धूड जमिनीवर नीट उभं करायचं, चालू करून दाखवायचं आणि आपली पेटी उचलून निघायचं. राहायला तळेगाव, कामाला पिंपरी-चिंचवड आणि ये-जा लोणावळा लोकलनं, असा सगळा जन्म गेला.

यंत्र पाहायला आलेला पाहुणा फिरणारी चाकं पाहतो, उडणाऱ्या ठिणग्या पाहतो. ज्यावर हे सगळं उभं असतं तो सांगाडा कुणी पाहत नाही. तो हलत नाही, चमकत नाही, आणि त्यानं हलू नये एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. घरातल्या एखाद्या अबोल माणसासारखं त्याचं आहे. तो आजारी पडेपर्यंत त्याची आठवण होत नाही.

हा सांगाडा काय काम करतो हे समजून घ्यायला कारखान्यात जायची गरज नाही. घरातली दोन हत्यारं पुरतात, अडकित्ता आणि विळी.

अडकित्त्यानं सुपारी कातरताना मनगटाला चांगला जोर लागतो. तो जोर जातो कुठे? एका दांडीतून पात्यात, पात्यातून सुपारीत, सुपारीतून खालच्या दांडीत आणि बिजागरीतून फिरून परत हातात. वाटोळा प्रवास पूर्ण. जमिनीला त्याचा पत्ताही लागत नाही. जुन्या घरांतून आजोबा झोपाळ्यावर बसून खुशाल सुपारी कातरत, आणि झोपाळा जराही हलत नसे. आता विळी घ्या. लाल भोपळा विळीवर रेटला, की पातं आपल्यापासून दूर कलायला बघतं आणि पाटाची आपल्याकडची बाजू उचलू लागते. म्हणून बाई पाटावर पाय दाबून बसते. इथे जोर पात्यातून पाटात, पाटातून जमिनीत उतरतो आणि जमीन पक्की असेल तरच भोपळा चिरला जातो. विळी घेऊन झोपाळ्यावर बसायचा विचार कुणी करणार नाही.

आणि उखळ? तिथे तर लपवाछपवीच नाही. मुसळाचा प्रत्येक घाव सरळ खाली जातो. म्हणून आमच्या मावळातल्या जुन्या घरांत उखळ जमिनीत पुरलेलं असे. ते सरकू नये हे एक कारण, आणि घाव पेलायला पृथ्वीएवढा दुसरा सांगाडा नाही हे दुसरं.

जगातलं कुठलंही यंत्र घ्या, त्यात थोडा अडकित्ता, थोडी विळी आणि थोडं उखळ असतंच. यंत्र बसवणाऱ्याचं निम्मं काम हे प्रमाण ओळखण्याचं असतं.

रसवंतीचा चरक हा बहुतांशी अडकित्ता. उसाचं कांडं दोन रुळांमध्ये शिरतं तेव्हा ते रुळांना एकमेकांपासून दूर ढकलतं. तो जोर दोन्ही बाजूंच्या बिडाच्या भिंती आणि त्यांना आवळणारे बोल्ट पेलतात, आतल्या आत. म्हणून तर तोच चरक हातगाडीवर चढवून, घुंगरं बांधून, कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत रस्त्याच्या कडेला कुठेही उभा करता येतो. गाडीच्या चाकांना फक्त वजन लागतं, पिळण्याचा जोर लागत नाही.

कारखान्यातला पत्रा कापण्याचा पॉवर प्रेस हा या चरकाचा थोरला भाऊ. शंभर टनांचा प्रेस म्हटलं की नवखे लोक जमिनीकडे काळजीनं बघतात. शंभर टन या फरशीला झेपतील का? अहो, शंभर टन फरशीपर्यंत येतच नाहीत. वरचा ठोकळा खाली दाबतो तेवढ्याच जोरानं सांगाड्याचा वरचा भाग वर ढकलला जातो, आणि दोन्ही जोर सांगाड्याच्या खांबांत एकमेकांना भेटतात. जमिनीला येतं ते यंत्राचं वजन. मग प्रेसच्या प्रत्येक ठोक्याला शेजारच्या टेबलावरचा चहाचा कप का थरथरतो? याचं उत्तर फार गमतीचं आहे. दाब येतो तेव्हा सांगाडा धनुष्यासारखा किंचित ताणला जातो. तोंड एका बाजूनं उघडं असलेल्या, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या प्रेसचं तोंड दाबाखाली खरोखर केसभर वासतं. पत्रा तुटतो तो एकदम. त्या क्षणी ताणलेला सांगाडा सुटलेल्या धनुष्यासारखा मागे उसळतो, आणि ही उसळी पायांतून जमिनीत जाते. म्हणजे कापण्याचा जोर जमिनीला कळत नाही, कापून झाल्याची बातमी मात्र कळते.

जमिनीचं खरं वैर आहे ते फिरणाऱ्या असमतोल वजनाशी. घरातलं कपडे धुण्याचं यंत्र आठवा. पिळताना जाड टॉवेलचा बोळा एका बाजूला गोळा झाला, की ते नाचायला लागतं, कधीकधी मोरीतून चालत बाहेर येतं. हिशेब करून बघा. अर्धा किलो ओलं कापड, मधल्या आसापासून २५ सेंटिमीटरवर, मिनिटाला ८०० फेरे. अर्ध्या किलोचं ते कापड यंत्राला नव्वद किलोच्या माणसाच्या वजनाइतकं ओढतं, आणि सेकंदाला तेरा वेळा दिशा फिरवून ओढतं. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट. ही ओढ सांगाड्यात वाटोळी फिरून संपत नाही, कारण तिला उलट ढकलणारं आत कुणी नसतं. तिला जमीनच लागते. पुढून कपडे घालायच्या यंत्रात बनवणाऱ्यांनी काँक्रीटची जड लादी बसवलेली असते, ती काही वजन वाढवून किंमत वाढवायला नाही. ओढ तीच राहिली तरी जड वस्तू कमी हलते.

याच न्यायानं मोठ्या यंत्राखाली काँक्रीटचा ठोकळा ओततात, आणि तो यंत्राच्या काही पट जड ठेवतात. फिरणाऱ्या यंत्राला साधारण तिप्पट, दट्ट्या मागेपुढे करणाऱ्या यंत्राला त्याहून जास्त, असा आमच्याकडे तोंडी हिशेब असे. मोठ्या कामाला अर्थात तोंडी हिशेब चालत नाही. त्यासाठी यंत्रांच्या पायांवर आयएस २९७४ ही वेगळी भारतीय मानक संहिताच आहे. (लोणावळ्याला ‘आयएनएस शिवाजी’वर नौदलाचे तंत्रज्ञ जहाजांची इंजिनं शिकतात. समुद्रात तर पायाखाली जमीनच नसते. इंजिनाचा हादरा जहाजाच्या कण्यालाच पेलावा लागतो. त्यांच्यापुढे आमचं काम सोपंच म्हणायचं.)

मावळातला या विषयाचा सगळ्यात मोठा धडा मात्र घाटाखाली, खोपोलीला आहे. १९११ साली गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसली, आणि १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. लोणावळा, वळवण आणि शिरोता या तळ्यांतलं पावसाचं पाणी नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली उतरतं आणि तोटीतून बाहेर पडून पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळतं. घर्षण सोडून दिलं तर त्या धारेचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास येतो. इथे अडकित्त्याची सोय नाही. धार चाकाला एका बाजूला ढकलते, चाक आसाला, आस बेअरिंगला, बेअरिंग सांगाड्याला आणि सांगाडा पायाच्या बोल्टांतून जमिनीला. पलीकडे जनित्रात चुंबक फिरतात तेव्हा बाहेरचं कवचही त्यांच्याबरोबर गिरकी घ्यायला बघतं. त्यालाही जमिनीनंच धरून ठेवायचं. डोंगरउतारावरच्या नळांनासुद्धा जिथे वळण येतं तिथे काँक्रीटच्या भल्यामोठ्या ठोकळ्यांनी जखडलेलं असतं. बागेतला पाण्याचा नळ जोरात सोडला की रबरी पाईप सापासारखा वळवळतो. इथे तोच प्रकार, पण पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला पन्नास किलोच्या पुढे. मुंबईतल्या गिरणीचा एक चाता फिरायचा, तेव्हा त्याचा भार बोरघाटाच्या काळ्या दगडावर पडत असे, हे कुणी कधी त्या विणकराला सांगितलं असेल असं वाटत नाही.

घाटाचा हा काळा दगड म्हटल्यावर कार्ल्या-भाज्याला जायला हवं. कार्ल्याच्या चैत्यगृहात वर मान करून पाहिलं की छताला लाकडी कमानी दिसतात, सागवानी, जवळजवळ दोन हजार वर्षांच्या. लोकांना वाटतं, छत त्यांनी पेललं आहे. त्यांनी काहीही पेललेलं नाही. सगळी लेणी एका दगडात कोरलेली. छताचा भार दगड स्वतःच पेलतो आणि लाकडी फासळ्या नुसत्या शोभेच्या, जुन्या लाकडी सभागृहांच्या आठवणीसाठी बसवलेल्या. भाज्याला तर याहून नवल. तिथले खांब सरळ नाहीत, वरच्या बाजूला आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत कमानीचं छत खांबांना बाहेर रेटतं, म्हणून सुतार खांब आत कलते रोवत. पाथरवटानं दगडात तोच कल ठेवला, तिथे रेटा नसतानाही. मला यंत्रांचे सांगाडे पाहून पाहून सवय झाली होती, म्हणून भाज्याचे खांब पाहिल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते त्या न दिसणाऱ्या सुताराबद्दल. भार कुठून कुठे जातो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हे ज्ञान विसरलं की काय होतं, ते मी निवृत्त झाल्यावर वडगावच्या पुढच्या एका गावात पाहिलं. मावळ म्हणजे भात. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून झालेला इंद्रायणी तांदूळ १९८७ साली वडगाव मावळच्याच संशोधन केंद्रातून आला, आणि आज पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं तो नाव घेऊन मागतात. त्या गावातल्या एका बचत गटाच्या बारा बायकांनी बँकेचं कर्ज काढून भाताची छोटी गिरणी घातली. कुणी पाटल्या मोडल्या, कुणी म्हशीचे पैसे घातले. गटातल्याच एकीच्या घराची पुढची खोली घेतली. दिवाळीनंतर भात यायला लागलं आणि गिरणी चालू झाली. पंधरा दिवसांत बेअरिंगं तापू लागली, तांदळात कणी वाढली, पट्टा सारखा उतरू लागला. शेजारच्या तात्यांची भिंत सामाईक. तिला कोपऱ्यातून तडा गेला. तात्यांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. पंचायतीनं नोटीस काढली, आठ दिवसांत बंदोबस्त करा, नाहीतर गिरणी बंद.

यंत्र विकणारा म्हणाला, जमीन खराब आहे. गवंडी म्हणाला, यंत्र खराब आहे. वायरमननं मोटरीवर खापर फोडलं. कर्जाचा हप्ता मात्र कुणावर ढकलता येत नव्हता. गटाच्या अध्यक्षबाई माझ्याकडे आल्या तेव्हा फार काही बोलल्या नाहीत. “काका, एकदा येऊन बघा. चालणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा, भंगारात घालू. पण खरं सांगा.”

मी गेलो. गिरणी अँगलच्या चार पायांच्या स्टँडवर उभी होती. गिरणी बंद ठेवून, बोल्ट सैल करून, प्रत्येक पायाखाली पोस्टकार्ड सारून पाहिलं. तीन पायांखाली गेलं नाही, चौथ्याखाली आरपार गेलं. चुलीला तीन दगड का मांडतात? तीन टेकू कसल्याही जमिनीवर टेकतात. चौथा आला की एक तरंगतो. शिलाई मशीन डुगडुगलं तर आपण पायाखाली कागदाची घडी घालतो. इथे बसवणाऱ्यानं घडी घातली नव्हती. त्यानं तरंगणारा पाय बोल्टनं आवळून खाली ओढला होता. जमीन वर येणार नाही, म्हणून सांगाडा पिळला गेला. सांगाडा पिळला की त्यावरची दोन बेअरिंगं एका रेषेत राहत नाहीत. मग आस तापणार, आतल्या रुळाभोवतीची फट एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी होणार, आणि जिथे कमी तिथे दाणा चिरडणार. बायका ज्याला तांदळाचा दोष समजत होत्या, तो चौथ्या पायाचा होता.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. मोटर वेगळ्या फळीवर, पाच फुटांवर, जमिनीला स्वतंत्र ठोकलेली. पट्टा ताणलेला असतो, तो मोटरीला आणि गिरणीला एकमेकांकडे ओढतो. दोघी एकाच सांगाड्यावर असत्या तर ती ओढ सांगाड्यातच मिटली असती, अडकित्त्यासारखी. इथे ती ओढ जमिनीतून जात होती. आणि जमीन म्हणजे काय, तर मुरमाच्या भरावावर अंथरलेली शहाबादी फरशी. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या बाजूला तेवढा नाही, पण भराव मऊ करायला पुरतो. फरशी हलत होती, मोटर सरकत होती, पट्टा सैल पडून उतरत होता, आणि बाई रोज तो आणखी ताणत होत्या.

शिवाय मोठ्या पुलीची कड कधीतरी तुटून वेल्डिंगनं जोडलेली निघाली. शंभर ग्रॅम वजन एका बाजूला जादा. मिनिटाला साडेसातशे फेऱ्यांना त्याची ओढ नऊ-दहा किलो होते, सेकंदाला बारा-तेरा वेळा. एवढ्यानं भिंत पडत नाही. पण तीच फरशी तात्यांच्या भिंतीला टेकलेली होती, आणि दिवसाचे आठ तास.

उपाय सांगायला सोपा होता, वेळ नव्हता. फरशी उचलून भराव उपसून घट्ट मुरमापर्यंत जायचं. साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद, सव्वा फूट जाड असा काँक्रीटचा ठोकळा ओतायचा, सुमारे चौदाशे किलोंचा, यंत्राच्या तिप्पट. भिंतीपासून तो चार बोटं सुटा, मधल्या फटीत थर्माकोल. काँक्रीट ताकद धरायला वेळ घेतं, आणि मावळातल्या पौषाच्या थंडीत जरा जास्तच घेतं. नोटीस होती आठ दिवसांची. मी सांगितलं, दोन आठवड्यांच्या आत यंत्राला हात लावायचा नाही. ऐन हंगामात दोन आठवडे गिरणी बंद! खोलीत कुणी बोलेना. शेवटी अध्यक्षबाई उठून तात्यांच्या दारात गेल्या. त्या काय बोलल्या मला ऐकू आलं नाही. तात्या पंचायतीत गेले आणि मुदत वाढवून द्या म्हणून स्वतःच सांगून आले, पण “काम मी रोज बघणार” या अटीवर.

त्यांनी खरंच रोज बघितलं. ठोकळ्यावरची गोणपाटं वाळली की शेजारून हाक यायची, “अगं, पाणी मारा गं!” त्या मुदतीत आम्ही लोहाराकडून चॅनलची एक लांब चौकट करून घेतली, मोटर आणि गिरणी दोन्ही बसतील अशी. पुलीच्या जड बाजूला भोकं पाडून वजन काढलं. पंधराव्या दिवशी चौकट ठोकळ्यावर ठेवली, पाणसळीनं आणि मग माझ्या जुन्या लेव्हलनं उभी-आडवी पाहिली, जिथे पाय तरंगत होता तिथे पत्र्याच्या पट्ट्या भरल्या, आणि चारही पाय नुसते टेकल्यावरच बोल्ट आवळले. आधी टेकणं, मग आवळणं. खाली सिमेंटचा घट्ट माल भरला आणि आणखी तीन दिवस थांबलो.

गिरणी चालू केली तेव्हा पट्ट्याचा आवाज होताच, भाताचा खडखडाटही होता. पायाला मात्र काही लागत नव्हतं. गटातली एक मुलगी चप्पल काढून ठोकळ्याशेजारच्या फरशीवर अनवाणी उभी राहिली आणि हसायला लागली. संध्याकाळी बेअरिंगवर हात ठेवला तर कोमट, ठेवता येण्याजोगा. कणी कमी झाली हे बायकांनी मला दोन दिवसांनी मूठभर तांदूळ कागदावर पसरून दाखवलं.

हंगामाचा मधला तुकडा गेला तो गेलाच. त्या वर्षी दोन हप्ते थकले आणि ते भरायला पुढचा पावसाळा उजाडला. तात्यांची भिंत गटानं पाडव्याला गिलावा करून दिली. तडा पुन्हा उघडला नाही, तरी तात्या त्यावर पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख घालून ठेवतात. परवा गेलो होतो तेव्हा त्यांनी ती रेघ मला दाखवली आणि म्हणाले, “हलली नाही अजून. पण गिरणीचा आवाज दुपारी झोपू देत नाही, त्याचं काय करता?” मी म्हटलं, तात्या, तो हवेतून येतो, जमिनीतून नाही. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.